व्हर्टिसिलियम पावडर, जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी: वापरून आणि लॅबमध्ये तपासून लिहिलेला रिव्ह्यू

पिठ्या ढेकूण म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कीड, आणि व्हर्टिसिलियम ही तिला मारणारी बुरशी, तिचे बीजाणू या पावडरीत असतात. सरळ सांगते, पावडर चांगली आहे, काम करते, पण जिवंत पाकीट हातात पडलं तरच. मी मुंबईत दोन वेगवेगळ्या दुकानांतून दोन पाकिटं घेतली, दोन्हीवर छापलेलं एकच, व्हर्टिसिलियम लेकानी १.१५ टक्के डब्ल्यूपी (पाण्यात कालवायची पावडर), एका ग्रॅममध्ये १० कोटी सीएफयू (म्हणजे रुजून वाढू शकतील असे बीजाणू), आणि दोघांत जमीनअस्मानाचा फरक निघाला. हे मी नुसतं झाडाकडे बघून म्हणत नाहीये, मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते, दोन्ही पाकिटांतली चिमूटभर पावडर पाण्यात पातळ करून पीडीए प्लेटवर (बुरशी वाढवायची, बटाट्याच्या अर्काची जेली भरलेली बशी) लावून बघितली.

पहिलं पाकीट दादरच्या एका बियाणं-खतांच्या दुकानातलं. दुकानातल्या दादांनी ते फ्रीजमधून काढून दिलं आणि वर सांगितलं की ताई घरीही फ्रीजमध्येच ठेवा. त्याची प्लेट आठवड्याभरात पांढऱ्या लोकरी कॉलन्यांनी भरली, खालून बघितलं तर फिकट पिवळसर, जशी असायला पाहिजे तशी. दुसरं घराजवळच्या नर्सरीतलं, तिथे पाकिटं काचेच्या शोकेसमध्ये मांडलेली आणि दुपारभर त्यावर ऊन. त्या प्लेटवर आपली बुरशी तुरळक कुठेतरी दिसली, आणि मधेच काळ्या अस्परजिलसचे, म्हणजे भेसळीच्या दुसऱ्याच बुरशीचे, ठिपके. नर्सरीवाल्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला एक्सपायरी अजून बाकी आहे की. तारीख बाकी होती हे खरं, पण बीजाणू उन्हाने आणि उकाड्याने मरतात, ते तारीख बघून मरत नाहीत ना! लोक मग हे टाकतात, काही होत नाही, आणि जैविक म्हणजे सगळं थोतांड असं म्हणून परत विषारी औषधाकडे वळतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ही बुरशी लॅबमध्ये कशी वाढवतात ते कळलं की पाकीट एवढं नाजूक का ते लगेच लक्षात येतं. तांदूळ किंवा ज्वारी भिजवून, पाणी निथळून पिशव्यांत भरायची, तोंडाला कापसाचं बूच, ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेचं यंत्र) १२१ अंशांवर निर्जंतुक करायचं, गार झाल्यावर लॅमिनारपुढे (गाळलेली स्वच्छ हवा सोडणारं कपाट) बसून शुद्ध कल्चर, म्हणजे आधी वाढवलेली निव्वळ हीच बुरशी, सोडायचं आणि २५ ते २८ अंशांत ठेवून द्यायचं. तीन-चार दिवसांत दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, तो बाहेरूनच हाताने मोडावा लागतो म्हणजे आतल्या दाण्यांना हवा मिळते, आणि दोनेक आठवड्यांत प्रत्येक दाणा पांढऱ्या भुकटीने माखतो. ती भुकटी म्हणजेच बीजाणू. मग वाळवायचं, चाळायचं, टाल्कमध्ये मिसळायचं. पिशवीत कुठे हिरवा किंवा काळा डाग दिसला तर ती पिशवी आधी ऑटोक्लेव्हला आणि मग कचऱ्यात, त्यात दयामाया नाही. आणि एकच कल्चर प्लेटवरून प्लेटवर पिढ्यान्‌पिढ्या फिरवत राहिलं की ते विरजणासारखं मंदावतं, वाढतं छान पण किडा मारायची ताकद कमी होते, म्हणून चांगल्या लॅबमध्ये ते मधूनमधून किड्यावर वाढवून, मेलेल्या किड्यातून परत वेगळं काढून घेतात. स्वस्तातल्या पाकिटात हे केलंय की नाही ते कळायला काही मार्ग नाही, निदान लेबलवर नोंदणी क्रमांक आहे का तेवढं तरी बघा.

घरी भातावर बनवा असे व्हिडिओ फिरतात, प्लीज करू नका. प्रेशर कुकरमध्ये शिजवलेला भात स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला की आपल्या दमट हवेत त्यावर काय काय येऊन बसेल सांगता येत नाही, अस्परजिलस फ्लेव्हस आला तर तो अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बनवू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी शुद्ध कोणतं आणि भेसळ कोणती हे ओळखणं कठीण आहे.

आता झाडावर काय झालं ते. आमच्या ग्रिलमधल्या जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण बसला होता, कळ्या गळत होत्या, पानं चिकट. पहिल्या पाकिटातली पावडर लिटरला ५ ग्रॅम, पाणी क्लोरीन उडून जावं म्हणून रात्रभर उघडं ठेवलेलं, त्यात अगदी थोडा सौम्य लिक्विड सोप, कारण ढेकणाच्या अंगावर मेण असतं आणि साधं पाणी घसरून जातं. सूर्य मावळल्यावर, पानाच्या मागे, शेंड्याच्या बेचक्यात, भिजेपर्यंत मारलं. पहिले काही दिवस ढेकूण मजेत असतात, घाबरू नका. बीजाणू अंगाला चिकटून रुजतो, कातडीतलं कायटिन आणि प्रथिनं विरघळवणारे एन्झाइम सोडून आत घुसतो आणि आतल्या आत वाढतो, याला वेळ लागतोच. किड्याने ते खायला लागत नाही, अंगाला लागलं की पुरे, आणि म्हणूनच रस शोषणाऱ्या किडींवर ही बुरशी चालते.

दुसऱ्या फवारणीनंतर भिंगातून बघितलं. ढेकूण मुळातच पांढरा, मग मेलाय की जिवंत हे ओळखायचं कसं? काडीने पांढरं पुसा. जिवंत असेल तर मेण निघून खाली गुलाबीसर ओलं अंग दिसतं आणि दाबलं की फुटतं. बुरशीने मेलेला टणक, कोरडा, चुरा होतो, आणि कडेने बारीक धाग्यांची झालर असते जी पानालाही चिकटलेली असते. माझ्याकडे बहुतेक तसेच होते. अंड्यांच्या पुंजक्यांवर मात्र फार परिणाम दिसला नाही, म्हणून आठवड्या-दहा दिवसांनी परत मारावंच लागतं, एका फवारणीत सुटका नाही. शेजारच्या काकूंच्या कढीपत्त्यावरही मारलं, तिथे खवले कीड होती, तीही कमी झाली.

एक अडचण मुंग्यांची. ढेकणाच्या गोड चिकट्यासाठी त्या ढेकणांना सांभाळतात, त्या असेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवा असं काहीजण सांगतात, मुंबईत नको, डेंग्यूच्या डासांची पैदास होते आणि पालिकेची माणसं तपासायला येतात. खोडाला व्हॅसलिनचा पट्टा लावा.

फवारणीच्या आगेमागे बुरशीनाशक अजिबात मारू नका, ते हिलाही मारणारच. पावडर कालवताना मास्क लावा, विशेषतः दम्याचा त्रास असेल तर. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

वांग्या-टोमॅटोवरच्या पांढऱ्या माशी-माव्यालाही हीच चालते. अळ्या असतील तर बोव्हेरिया ही दुसरी बुरशी बघा, ती १८३५ मध्ये इटलीत आगोस्तिनो बासीने रेशीमकिड्यांच्या रोगाचं कारण म्हणून दाखवली होती, रेशीम उद्योगाचं नुकसान करणारी तीच आज शेतकऱ्याच्या कामी येतेय. कुंडीच्या मातीतल्या हुमणीला (मुळं खाणारी अळी) मेटारायझियम ही बुरशी, उसातही तेच वापरतात.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो विकणाऱ्यांच्या साठवणुकीसाठी. आणि वेळ बघून घ्या, तिला दमट हवा लागते, आपला पावसाळा तिला अगदी मानवतो, फक्त धो धो पावसात मारलं तर धुऊन जाईल, उघडीप बघा. गणपतीला घरची जास्वंद हवी असेल तर श्रावण लागताच पहिली फवारणी करा, ऑक्टोबरच्या उन्हात पैसे वाया जातील.