मेकॅनिकल टर्क: काम देणाऱ्यांनी आधी वाचावं असं

अ‍ॅमेझॉनने 2005 साली सुरू केलेली ही सेवा म्हणजे सुट्या, बारीक कामांचा बाजार. चित्रात कुत्रा आहे का, पावतीवर रक्कम किती, असली कामं. यंत्रांना 'बघायला' शिकवणाऱ्या इमेजनेटमधल्या 1 कोटी 40 लाख चित्रांची वर्गवारी इथूनच झाली. 167 देशांतल्या सुमारे 49 हजार माणसांनी ती केली.

अ‍ॅमेझॉनचं शुल्क कामगाराच्या मोबदल्याच्या 20 टक्के, किमान 1 सेंट. म्हणजे 1 सेंटचं काम 2 सेंटला पडतं. एका प्रश्नावर दहा किंवा जास्त जणांची उत्तरं मागितली की शुल्क 40 टक्के होतं, म्हणून जाणकार नऊ-नऊच्या तुकड्या पाडतात.

दर ठरवण्याआधी वीसेक नमुने स्वतः सोडवून बघा. एकाला 40 सेकंद लागत असतील तर 10 सेंटने तासाचे 9 डॉलर होतात, पण ते कागदावर. काम शोधण्यात, अर्धवट सोडण्यात, नाकारलं जाण्यात गेलेल्या वेळेचे पैसे नाहीत. 2018 च्या एका अभ्यासात 2,676 कामगारांची मध्यक कमाई तासाला जेमतेम 2 डॉलर निघाली; अमेरिकेच्या 7.25 डॉलर किमान वेतनाच्या वर फक्त 4 टक्के गेले.

सगळ्यात घातक बटण 'नाकारा'. पैसे वाचतात, उत्तरं मात्र तुमच्या फाइलमध्ये उतरलेली असतात. त्यातच कामगाराचा मंजुरीदर, म्हणजे मंजूर झालेल्या कामांचं प्रमाण, घसरतो, आणि बहुतेक काम देणारे 95 टक्क्यांची अट लावत असल्याने त्याची पुढची कामंही बंद होतात. चूक तुमच्या सूचनेत निघाली तर 30 दिवसांच्या आत नकार मागे घेता येतो, तो घ्या. शिवाय पहिल्या शंभर कामांपर्यंत नवख्याचा मंजुरीदर 100 टक्केच दिसतो, त्यामुळे '500 हून अधिक मंजूर कामं' ही अटही जोडा.

इतक्या कमी पैशांत राबवण्याला गुलामगिरी म्हणावंसं वाटेल, पण ते चूक आहे. इथून माणूस उठून जाऊ शकतो, त्याला कोणी विकत नाही. पण 1850 च्या आसपास अमेरिकेच्या दक्षिणेत गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांसाठी थॉमस अ‍ॅफ्लेक यांची छापील हिशेबवही मिळायची: कोणी रोज किती पौंड कापूस वेचला याचे रकाने, आणि वर्षअखेर त्याच माणसांच्या किमतीतली चढउतार. चाबूक त्या वहीत कुठेच दिसत नसे. इथल्या निकालाच्या तक्त्यातही कामगाराच्या जागी एक सांकेतिक क्रमांक असतो, बाकी काही नाही.

आता उलटंही घडतंय: यंत्रांना शिकवणारी माणसंच यंत्राकडून काम करून घेतायत. 2023 मध्ये सारांशलेखनाचं काम देऊन तपासलं तेव्हा 33 ते 46 टक्के कामगारांनी भाषा-मॉडेलकडून (चॅटजीपीटीसारख्या मजकूर लिहिणाऱ्या यंत्रणेकडून) उत्तर लिहून घेतल्याचा अंदाज निघाला. सेंटांत पैसे मिळत असतील तर दुसरं काय होणार? कामाच्या पानावर कॉपी-पेस्ट बंद केल्याने हे कमी होतं, थांबत नाही. लेखी कामासाठी ही सेवा घेऊ नका. चित्रांतल्या वस्तूंभोवती चौकटी आखायला चालेल, दर वरच्या हिशेबाच्या दीडपट ठेवणार असाल तर.