हिवाळ्याआधी कोवळ्या झाडाच्या खोडाला काय लावायचं, प्लॅस्टिकचा स्पायरल की तारेची जाळी?

न्यू जर्सीत बॅकयार्डमधे नवीन मॅपल, सफरचंद किंवा चेरी लावलेली ओळखीतली मंडळी पानं रंग बदलायला लागली की मला हाच प्रश्न विचारतात. मल्च (बुंध्याभोवती पसरायचं आच्छादन) खोडाला टेकवायचा नाही, जमीन गोठेपर्यंत पाणी द्यायचं, आता खत नाही आणि छाटणीसुद्धा नाही, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही. खोडाला मी स्पायरल (भोवती गुंडाळायची प्लॅस्टिकची पट्टी) आणि जाळी दोन्ही लावून बघितलंय आणि दोन्हींत डावं-उजवं आहे.

आधी स्पायरलबद्दल चांगलं बोलतो, कारण ते खरंच आहे. हातासरशी गुंडाळून होतो, स्वस्त पडतो, ससे आणि व्होल (बर्फाखालून बोगदे करून येणारा तो आखूड शेपटीचा उंदीर) यांना अडवतो, आणि मुख्य म्हणजे पांढरा असल्यामुळे उन्हापासून वाचवतो. जानेवारीत लख्ख ऊन पडलं की खोडाची नैऋत्येकडची बाजू तापते, सालीखालच्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य बुडाल्यावर पारा धाडकन उतरला की त्याच पेशी मरतात, तेव्हा काहीच कळत नाही, पुढे वसंतात साल उभी फाटलेली दिसते. मॅपल, सफरचंद, चेरी सगळ्यांची साल कोवळेपणी पातळ, त्यामुळे हा धोका खरा आहे. कागदी रॅपही उन्हाचं काम करतो पण उंदराला कागदाचं काय, म्हणून तो मी धरतच नाही.

पण स्पायरल लावला की खोड दिसायचं बंद होतं, आणि माझं मन त्याच्यावरून उडालं ते यामुळेच. 2018 पासून इथे न्यू जर्सीत लँटर्नफ्लाय (झाडांचा रस शोषणारी कीड) आलीय, तिला रेड मॅपल फार आवडतो आणि सप्टेंबरपासून कडक थंडी पडेपर्यंत ती अंडी घालत असते. मग सारखं वाटत राहतं की आत बघावं. बघायला जावं तर थंडीने प्लॅस्टिक ताठ झालेलं, ग्लोव्ह घालून कड पकडता येत नाही, काढले तर बोटं बधिर, एक वेढा सोडवावा तर दुसरा सालीवरून खरवडत जातो. आणि एवढं करून उघडल्यावर साल ओलसर, कडेला किडे लपलेले, आणि दोन वेढ्यांच्या मधे वाळलेल्या चिखलाचं बोट ओढावं तसा राखाडी पट्टा. तीच अंडी, एका पट्ट्यात 30 ते 50. जुन्या कार्डाने खरवडून अल्कोहोलमधे टाकायची म्हणजे प्रश्न मिटतो, पण दिसली तर ना!

जाळीतून खोड उघडं दिसतं, येताजाता नजर टाकली तरी पुरतं. पाव इंची छिद्रांची गॅल्वनाइज्ड जाळी घ्या, खाली दोन-तीन इंच मातीत पुरा आणि खोडापासून चांगली लांब ठेवा. उंचीला कंजूषी नको, कारण ससे साठलेल्या बर्फावर उभे राहून वरची साल खातात. हरणं येत असतील तर चार-पाच फूट हवी आणि बाजूला खुंट्या ठोका, नाहीतर नर जाळीच दाबून खोडाला चिकटवतात. हरणांच्या बाबतीत अजून एक, नर खोडावर शिंगं घासायला सप्टेंबरमधेच सुरुवात करतात, आणि स्पायरल आपण लावतो थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या) सुमारास, कारण उबदार हवेत आत ओल धरते. म्हणजे ऐन घासायच्या दिवसांत खोड उघडंच. जाळी बारा महिने राहू शकते.

जाळीचा त्रास नाही असं नाही. महाग पडते, कापलेल्या तारांची टोकं हाताला लागतात, आत पानं साठली की व्होलला आयती जागा मिळते, ती उपसावी लागतात. आणि ऊन ती अडवत नाहीच. त्यावर मी पांढरा लॅटेक्स पेंट निम्मं पाणी घालून खोडाला लावतो (घरातल्या भिंतीचा, ऑइल पेंट अजिबात नको), भारतात हायवेच्या झाडांना गेरू-चुना लावतात त्याच्याच जवळचा प्रकार, इथले बागायतदारही करतात. पांढऱ्या खोडावर राखाडी अंडी तर लगेच उठून दिसतात.

अर्थात तुमच्याकडे कुंपण पक्कं असेल, हरणं येत नसतील आणि रोपं बरीच असतील तर स्पायरल लावा, वाईट नाही, फक्त एप्रिलमधे आठवणीने काढा. पण अंगणात दोन-तीनच झाडं असतील आणि ती जिवापाड जपायची असतील तर मला वाटतं जाळीचा खर्च करावा. या वर्षी ऑक्टोबर उजाडला असेल तरी हरकत नाही, आधी खोड वरपासून खालपर्यंत नीट बघा, अंडी खरवडा, पेंट गोठणाऱ्या थंडीत धरत नाही म्हणून तो एखाद्या उबदार दुपारी लावून वाळू द्या आणि मग जाळी उभी करा. पुढे दर उन्हाळ्यात खोड जाडावून जाळीला टेकत नाहीये ना ते बघून ती सैल करत जा.