म्युनिक, स्टुटगार्ट की बाड ड्युर्कहाइम? सप्टेंबरातल्या जर्मन जत्रांपैकी कुठली निवडायची

दक्षिण जर्मनीत राहता किंवा सप्टेंबरच्या शेवटी तिकडे फिरायला चाललाय आणि हातात एकच वीकेंड आहे, तर नाव फक्त म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टचं माहीत असतं आणि डोळे झाकून तिकडचंच हॉटेल बुक होतं. माझं म्हणणं एवढंच की आधी बरोबर कोण येतंय ते बघा आणि मग गाव ठरवा. आईबाबा भारतातून आलेत, पोरं लहान आहेत, घरात कोणी पीतच नाही, की पाचसहा मित्र मिळून निघालेत, प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

म्युनिकपासून सुरू करू. १८१० मध्ये बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि टेरेझे यांचं लग्न झालं, त्यानिमित्त गावाबाहेरच्या माळावर घोड्यांची शर्यत लावली, माळाला नवरीचं नाव मिळालं टेरेझियनवीझे, आणि जत्रा आजही तिथेच भरते, म्हणून लोक तिला नुसतं वीझन म्हणतात. १५ सप्टेंबरनंतरच्या शनिवारी दुपारी १२ ला महापौर पहिल्या पिंपात तोटी ठोकतात, त्याआधी एकाही टेंटमध्ये बियर मिळत नाही. बियर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअरींची, ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योव्हनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटन, साधारण ६ टक्के अल्कोहोलची, आणि मास म्हणजे अख्खा एक लिटर. २०२५ मध्ये एका मासचा दर १४.५० ते १५.८० युरो होता. मैदानात जायला पैसे लागत नाहीत, पण टेंटमध्ये बसायला जागा मिळाली नाही तर बियरही मिळत नाही, आणि लोक नेमकं हेच विसरतात. शनिवारी संध्याकाळी रिझर्वेशनशिवाय जाणं म्हणजे बाहेर उभं राहणं, २०२५ मध्ये तर मधल्या शनिवारी गर्दी इतकी झाली की मैदानाचीच दारं काही वेळ बंद करावी लागली. रिझर्वेशन पूर्ण टेबलाचं असतं, आठदहा जणांचं, आणि ते टेंटच्या स्वतःच्या साइटवरूनच करा, दुसरीकडे कोणी चौपट भावात विकत असेल तर सोडून द्या.

तरीही जायचंच असेल तर (आणि एकदा तरी जावंच, ते टेंट उभे केलेले बघितले की माणूस थक्क होतो, हजारो लोक एका सुरात गातायत आणि वेट्रेस बायका एका खेपेला आठदहा मास उचलून आणतायत) सोमवार ते गुरुवार जा, सकाळी ११ च्या सुमाराला. भरपूर जागा, बँड साधा वाजतोय, अर्धी भाजलेली कोंबडी मागवायची, ब्रेत्सेल म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, ओबाट्स्डा म्हणजे चीज आणि लोणी कालवून केलेलं पसरवायचं प्रकरण. मैदानाच्या दक्षिण टोकाला बहुतेक वर्षी ओइडे वीझन नावाचा जुन्या काळचा भाग असतो, थोडं तिकीट असतं पण जुने पाळणे, लोकनृत्य, गोंगाट कमी, आईबाबांना घेऊन जायचं तर हाच भाग. मंगळवारी पाळण्यांचे दर कमी असतात. मोठी बॅग नेऊ नका, ३ लिटरपेक्षा मोठी आत सोडत नाहीत, बाबागाडीलाही शनिवारी पूर्ण बंदी आणि इतर दिवशी संध्याकाळी ६ नंतर.

आता स्टुटगार्ट. मला विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यातही कुटुंबासोबत, इथे यावं. कान्श्टाटर फोल्क्सफेस्ट, बोलीत वाझन, बाड कान्श्टाट भागात नेकार नदीकाठी भरतं, म्युनिकच्या साधारण आठवडाभर नंतर सुरू होतं, १७ दिवस चालतं. याची सुरुवात लग्नातून नाही, भुकेतून झाली. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्या राखेने १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं कुजली, व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टभोवतीच्या तेव्हाच्या राज्यात, लोक अक्षरशः उपाशी राहिले. त्यातून सावरल्यावर १८१८ मध्ये राजा विल्हेल्म पहिला याने शेतकऱ्यांसाठी हे पीकपाण्याचं, जनावरांच्या प्रदर्शनाचं फेस्ट सुरू केलं. म्हणून मैदानाच्या मधोमध बियरची खूण नाही, फळं-भाज्या-धान्याने सजवलेला २६ मीटर उंच खांब आहे. शेतकरी घरातला माणूस तो बघून गप्प होतो, माझ्या मनात तरी सुगीच येते.

बियरचे टेंट इथेही मोठेच, डिंकेलाकर, स्टुटगार्टर होफब्रॉय वगैरे, दरात म्युनिकपेक्षा फारसा फरक नाही, शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी इथेही रिझर्वेशन लागतं. पण टेंटबाहेरचं मैदान मोकळं, पाळणे भरपूर, बुधवारी कुटुंबांसाठी सवलत, आणि बाड कान्श्टाट स्टेशनवरून चालत काही मिनिटं. खाण्यातही मला श्वाबिश, म्हणजे या स्टुटगार्टकडच्या भागातले, पदार्थ जास्त आवडतात. मुख्य म्हणजे शाकाहारी माणसाला पोटभर मिळतं, केझेश्पेत्सले (अंड्याच्या पिठाच्या छोट्या शेवया, वर चीज आणि तळलेला कांदा, अंडं चालत असेल तर) आणि मशरूमच्या सॉसमधले प्रकार. माउलटाशन (सारण भरलेले पिठाचे चौकोन) मात्र विचारून घ्या, मूळ सारणात मांस असतं, भाजीचेही मिळतात. शुपफनुडेल्न (बटाट्याच्या जाडसर शेवया) आंबवलेल्या कोबीबरोबर देतात, त्यात बेकन असतं बऱ्याचदा, तेही विचारा. पुणे-चाकणकडून कामासाठी स्टुटगार्टला आलेली मराठी माणसं पुष्कळ आहेत, मुंबई तर १९६८ पासून स्टुटगार्टची भगिनीनगरी आहे, त्यामुळे मैदानात मराठी कानावर पडलं तर नवल वाटू देऊ नका. हे दिवस कधी पितृपंधरवड्यात तर कधी नवरात्रात येतात, न पिणाऱ्यांनी बिनधास्त या, बिनअल्कोहोलची बियर, सफरचंदाच्या रसाचं सोडा घातलेलं शोर्ले सगळीकडे मिळतं, कोणी भुवई उंचावत नाही.

तिसरं बाड ड्युर्कहाइम, मानहाइम शहराजवळचं गाव, हे बियरचं नाहीच, वाइनचं आहे, नाव मात्र वुर्स्टमार्क्ट म्हणजे सॉसेजबाजार. सप्टेंबरचा दुसरा आणि तिसरा वीकेंड, म्हणजे बाकी दोन्हींच्या आधी सुरू होतं, आणि जगातलं सगळ्यात मोठं वाइनफेस्ट म्हणून ओळखलं जातं. डोंगरावरच्या चॅपेलला येणाऱ्या यात्रेकरूंना शेतकरी हातगाड्यांवरून माल आणून विकायचे, त्यातून ते वाढलं, आणि आजही लांब बाकांचे छोटे छोटे वाइनस्टॉल आहेत, तिथे अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसावं लागतं. ग्लास अर्ध्या लिटरचा, खळग्यांचा, आणि एक ग्लास चौघांत फिरवायची पद्धत. गप्पा मारायला आवडणाऱ्या, चव घेत बसणाऱ्या तिघाचौघांसाठी हे सगळ्यात भारी. लहान मुलं असतील तर वाझनच बरं. मानहाइमवरून ट्राम थेट जाते.

एक व्यवहाराची गोष्ट, तिन्हीकडे रोख नोटा ठेवा, टेंटमध्ये कार्ड चालेलच असं नाही, आणि वेट्रेसला दहा टक्के टिप द्या, पुढचा मास पटकन येतो.