डेम्पस्टर हायवेवरच्या दोन फेरीबोटी: भाडं शून्य, मर्जी नदीची

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातून शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या इनुविक गावाला जाणारा डेम्पस्टर हायवे सुमारे ७४० किलोमीटरचा आहे, आणि जवळजवळ सगळा खडीचा. वाटेत पील आणि मॅकेन्झी या नद्या आडव्या येतात. दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात नॉर्थवेस्ट टेरिटरीज सरकारची फेरीबोट, हिवाळ्यात थेट गोठलेल्या पात्रावरून रस्ता. दाभोळ-धोपावे फेरीची सवय असलेल्यांनी खिशात हात घालायची गरज नाही, इथे तिकीटच नसतं.

पीलवरची 'अब्राहम फ्रान्सिस' दोन काठांना बांधलेल्या तारेच्या आधाराने जाते. गाडी आली की बोट निघते, पाच-दहा मिनिटांत पलीकडे. कर्मचारी हाताने खुणा करतात, त्यांनी सांगितलं तिथेच गाडी लावायची. त्रास होतो तो चढता-उतरताना. धक्का काँक्रीटचा नाही, खडी-मातीचा उतार आहे. पाणी वर-खाली झालं की तो यंत्राने पुन्हा रचतात, त्यामुळे आजचा उतार उद्या तसाच असेल असं नाही. मागचा भाग लांब असलेली मोटरहोम आणि ट्रेलरचा हूक तिथे हमखास घासतो. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता, अगदी सावकाश उतरायचं.

पीलचा स्वभावही तापट. युकॉनच्या डोंगरात जोराचा पाऊस झाला की पाणी चढतं, झाडांचे ओंडके वाहत येतात आणि फेरी बंद होते. ती कधी सुरू होईल हे नदी ठरवते. म्हणून ईगल प्लेन्सला, म्हणजे अर्ध्या वाटेवर, टाकी भरायची आणि निघण्याआधी सरकारी रस्तेस्थिती बघायची. जास्तीचं एक दिवसाचं खाणंपिणं गाडीत हवंच.

मॅकेन्झीवरची 'लुई कार्डिनल' तारेशिवाय, स्वतःच्या इंजिनावर चालते. तिचे थांबे तीन: मॅकेन्झीचे दोन काठ आणि आर्क्टिक रेड नदीच्या संगमावरचं त्सीगेचिक गाव. गावात जायचं असेल तर चढतानाच सांगा, नाहीतर सरळ पलीकडे उतरवतील. इथली प्रतीक्षा पीलपेक्षा जास्त, पण संगमावर उभं राहून दोन नद्यांचं पाणी बघण्यात वेळ बरा जातो.

घड्याळाची गोम बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात नॉर्थवेस्ट टेरिटरीज युकॉनच्या एक तास पुढे असतं आणि फेरी तिथल्या वेळेने चालते. रात्रीची शेवटची फेरी गाठायची असेल तर सीमेवरच घड्याळ पुढे करा.

सेवेची खरी त्रुटी मधल्या आठवड्यांत आहे, आणि त्याला कुणाचा इलाज नाही. मॅकेन्झी उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेचा बर्फ आधी फुटतो, प्रवाहाच्या पुढे उत्तरेला मात्र अजून घट्ट असतो, मग तुकडे अडून पाणी तुंबतं. मे महिन्यात बर्फाचा रस्ता संपलेला आणि बोट अजून काठावर, अशी स्थिती असते. शरद सरतानाही तेच: बोट निघून जाते, बर्फ अजून पातळ. आधी हलक्या गाड्यांना परवानगी, जाडी वाढेल तशी वजनमर्यादा वाढते. साधारण जून ते ऑक्टोबर फेरीचे महिने, पण मोसमाच्या दोन्ही टोकांना हॉटेलचं बुकिंग रद्द करता येईल असंच करावं.