ऑफर घेऊन पेपर टाकायचा की पेपर टाकून ऑफर शोधायची?

दोन-तीन वर्षांचा एक्सपिरियन्स, आयटी सर्व्हिस कंपनी, सपोर्ट प्रोजेक्ट, हातात सव्वीस-सत्तावीस हजार आणि ऑफर लेटरमध्ये नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड, म्हणजे राजीनामा दिल्यावरही तेवढे दिवस काम करायचं. पुण्यात वाकड-हिंजवडीला राहणाऱ्या निम्म्या पोरांची हीच कुंडली असते, माझीही होती. मग प्रश्न येतो की आधी ऑफर मिळवायची आणि मग पेपर टाकायचा, म्हणजे राजीनामा द्यायचा, का पेपर टाकून मोकळं व्हायचं आणि नोटिसमध्ये शोधायचं. तिसरा प्रकार म्हणजे सगळं सोडून घरी बसून सहा महिने तयारी, त्यावर शेवटी बोलतो कारण त्यावर फार बोलण्यासारखं नाहीये.

नोकरी चालू ठेवून शोधणं सगळ्यात सेफ, आईवडील हेच सांगणार आणि त्यांचं चूक नाही. पगार चालू, मेडिक्लेम चालू, रिझ्युमेवर गॅप नाही, आणि ऑफर आवडली नाही तर नाही म्हणता येतं. पण खरी अडचण नव्वद दिवसांचीच आहे. नोकरी डॉट कॉमवर रिक्रूटरला नोटिस पिरियडचा फिल्टर असतो, पंधरा दिवस, एक महिना, दोन महिने, तीन महिने, आणि वेगळा एक 'सर्व्हिंग नोटिस पिरियड', म्हणजे राजीनामा देऊन नोटिसवर असलेले. ज्याला महिन्याभरात माणूस हवाय तो तीन महिन्यांवर टिक कशाला करेल? मला आलेले बरेचसे कॉल असेच संपायचे, "नोटिस किती?" "नव्वद." "निगोशिएबल?" "विचारून सांगतो." संपलं, परत फोन नाही. स्किलपर्यंत विषय जायचाच नाही.

दुसरी अडचण इंटरव्ह्यू द्यायचे कुठे. मी एक टेक्निकल राऊंड ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगमध्ये मित्राच्या गाडीत बसून दिलाय, लॅपटॉप मांडीवर, मोबाईलचं हॉटस्पॉट, आणि हॅशमॅप आतून कसा चालतो ते सांगताना नेटवर्क गेलं आणि परत जॉईन झालो तोवर समोरचा म्हणाला वी विल गेट बॅक टू यू. वर शिफ्ट असेल तर रात्री प्रॉडक्शन इश्यू आणि सकाळी डीएसए (डेटा स्ट्रक्चर-अल्गोरिदम, इंटरव्ह्यूची तयारी), डोकं चालतच नाही.

आता पेपर टाकून शोधणं. लोकांना वाटतं म्हणजे बेरोजगार होणं, तर तसं नाहीये, नव्वद दिवस पगार चालू असतो आणि काम उलट कमी होतं कारण नवीन काही देत नाहीत, केटीच्या (आपलं काम दुसऱ्याला समजावून देण्याच्या) एक्सेल भरायच्या. जो नोटिस पिरियड आधी आडवा येत होता तोच आता कामाला येतो. मी रिझाईन मारल्यावर प्रोफाईलवर लास्ट वर्किंग डे टाकला आणि त्याच आठवड्यात कॉल थोडे वाढले, दिवस जसे कमी होत गेले तसे अजून वाढले. म्हणजे पहिला महिना थंड जातो हे धरून चाला, तेव्हा घाबरून मिळेल ती ऑफर घेऊ नका. एक ऑफर हातात आली की दुसरीकडे पगारावर बोलताना आवाजच बदलतो.

पण यातला धोका खोटा नाही. 2021 मध्ये आयटीत माणसं मिळत नव्हती तेव्हा कोणीही पेपर टाकावा आणि तीन ऑफर घेऊन बाहेर पडावं असं चाललं होतं, 2022 च्या शेवटापासून लेऑफ सुरू झाले आणि तेच गणित अनेकांच्या अंगाशी आलं. माझ्या रूममेटची ऑफर जॉईनिंगच्या आठ दिवस आधी मागे घेतली, ऑफर लेटर होतं, पण लेटर घेऊन भांडणार कोणाशी. म्हणून पैसे बाजूला हवेतच. माझा हिशोब असा होता, भाडं 9,000, डबा 3,500, पेट्रोल 2,000, घरी 8,000, ईएमआय 2,000, म्हणजे महिना 24,500 आणि सहा महिन्यांचे 1,47,000. हे सहा महिने लास्ट वर्किंग डे नंतरचे धरायचे. शिवाय काही कंपन्या शेवटचा पगार अडकवून फुल अँड फायनलमध्ये, म्हणजे सोडून गेल्यावरच्या शेवटच्या हिशोबात देतात, तो हातात आहे असं समजू नका. पीएफ काढून दिवस काढू असंही नको, पाच वर्षांच्या आत 50,000 च्या वर काढला तर टीडीएस कापतात, त्यापेक्षा नव्या कंपनीत ट्रान्सफर बरा.

माझं मत विचाराल तर पेपर टाकून शोधणं, पण आधी दोन महिने नोकरीत राहूनच चार-पाच इंटरव्ह्यू द्या, ज्या कंपनीत जायचं नाही तिथे सुद्धा. दुसऱ्या राऊंडपर्यंत पोचत असाल तर अडचण फक्त नोटिसची आहे, टाका पेपर. पहिल्याच राऊंडला जावा-एसक्यूएलवर उडत असाल तर अडचण तयारीची आहे, मग पेपर टाकून काही बदलत नाही, फक्त घड्याळ सुरू होतं. आणि घरी दोन माणसं तुमच्या पगारावर असतील तर सरळ पहिला रस्ता धरा, वेळ लागेल, लागू दे. बायआऊटबद्दल, म्हणजे पैसे भरून नोटिस कमी करण्याबद्दल, लेटरमध्ये आधीच वाचून ठेवा, पैसे बेसिकवर कापतात का ग्रॉसवर ते, आणि 'मॅनेजरच्या मर्जीवर' असं काही लिहिलंय का ते, कारण मॅनेजर गोड बोलतो आणि नव्वदव्या दिवशीच सोडतो.

घरी बसून तयारी फक्त तब्येत बिघडली असेल किंवा शिफ्टने पार पिळून काढलं असेल तरच. गॅप दोन महिन्यांचा असेपर्यंत कोणी फार विचारत नाही, पुढे प्रत्येक एचआर तिथूनच सुरुवात करते. आणि गॅप झाकायला खोटा एक्सपिरियन्स लावू नका, यूएएनच्या (पीएफ नंबरच्या) पासबुकात कोणत्या महिन्यात कोणी पीएफ भरला ते दिसतं आणि बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनवाले तेच मागतात. वैताग आला म्हणून ऑफिसला जाणं बंद करायचं हे तर अजिबातच नको, रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि पुढची कंपनी जॉईनिंगच्या दिवशी पहिलं तेच मागते.

घरी कधी सांगायचं हा भाग राहिला. मी ऑफर आल्यावर सांगितलं, तोवर आई रोज फोनवर विचारायची ऑफिस कसं चाललंय आणि मी म्हणायचो, चाललंय.