पडीक लॉन: दुरुस्त करावं, नवं घालावं की नादच सोडावा?

नेरूळ-ऐरोलीतलं सिडकोचं जुनं रो-हाऊस असो की घोडबंदर रोडचा तळमजल्याचा गार्डन फ्लॅट, रिसेलमध्ये पहिलं घर घेणाऱ्याच्या पदरात बहुधा एक पडीक अंगणही पडतं. ताबा एप्रिल-मेमध्ये मिळाला तर विचारूच नका. गवत वाळून पेंढा झालेलं, आंब्याखाली टक्कल, कुंपणाला घाणेरी, कोपऱ्यात आधीच्या मालकाच्या बाथरूममधल्या फुटक्या टाइल्स. माळी येतो, फाटकातूनच बघतो आणि सांगतो, "साहेब, सगळं उकरू आणि कार्पेट टाकू."

कार्पेट, म्हणजे मातीसकट उचलून आणलेले तयार गवताचे तुकडे, टाकायला हरकत नाही, पण हा निर्णय मे महिन्यातलं वाळकं गवत बघून घेऊ नये. आपल्याकडच्या जुन्या लॉनमध्ये बऱ्याचदा हरळीच असते आणि हरळी वाळली म्हणजे मेली असं नाही. वरचं पातं पिवळं पडतं, मातीतल्या काड्या तग धरून असतात. शेतकरी तिला उगाच शिव्या घालत नाहीत. मीटरभर लांब-रुंद तुकडा निवडा, वाळकं गवत कापा आणि पंधरा दिवस रोज पाणी घाला. कोंब फुटले आणि एकूण अंगणात निम्म्याहून जास्त जागेवर गवत असेल, तर माझं मत सरळ दुरुस्तीला.

खर्चातला फरक मातीच्या हिशोबात दिसतो. २० बाय २० फुटांचं अंगण धरा. नवं लॉन घालायचं तर जुना थर काढून किमान अर्धा फूट चांगली माती हवी, म्हणजे २०० घनफूट, २ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). तेवढाच जुना माल बाहेर न्यायचा. रो-हाऊसच्या गल्लीत गाडी आत येत नसेल तर घमेल्यांची मजुरी वेगळी. दुरुस्तीत पहारीनं वीत-वीत अंतरावर भोकं पाडायची आणि कुजलेलं खत, वाळू, माती कालवून इंचभर थर द्यायचा. त्याला ३३ घनफूट, ब्रासचा तिसरा हिस्सा, पुरतो. खत मात्र पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या शेणखताबरोबर तणाचं बी येतं आणि हुमणीची अळीही. ती मुळं खाते आणि गवत सतरंजीसारखं उचलून हातात येतं.

आता दुरुस्तीच्या विरुद्ध जाणारी गोष्ट: लव्हाळा. दिसायला गवतच, पण दांडा दोन बोटांत धरून फिरवा, तिकोनी लागतो. उपटला तर वरचा भाग हातात येतो आणि काळी गाठ खाली राहते. एकेका गाठीला पुढच्या गाठी माळेसारख्या जोडलेल्या असतात. अशा जमिनीत माती उकरणारा टिलर फिरवला की गाठी तुटून अंगणभर पसरतात, आणि वर कार्पेट अंथरलं तरी लव्हाळ्याची टोकं ते भेदून वर येतात. कार्पेटवाले हे सहसा आधी सांगत नाहीत. लव्हाळा एका कोपऱ्यात असेल तर खोल खणून, माती चाळून गाठी वेचा. सगळीकडे माजला असेल तर दुरुस्ती विसरा. वरची वीतभर माती काढूनच टाका आणि तरीही वर्षभर खुरपं हाताशी ठेवा.

दुसरी परीक्षा खड्ड्याची. फूटभर खड्डा खणा, पाण्यानं भरा, एकदा जिरू द्या आणि पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर खाली दाबलेला मुरूम किंवा डेब्रिज आहे. खाडीकडच्या सिडको वसाहतींमध्ये बहुधा भरावाची जमीन असते. तिथे उन्हाळ्यात मातीवर पांढरी खपली धरते का तेही बघा. धरत असेल तर ते मीठ. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस ते फुकटात धुऊन काढतो, फक्त पाणी निघायला वाट हवी. उतार आणि चर न काढता महागडं कार्पेट टाकलं, तर जुलैत ते कुजणार.

तिसरा पर्याय, म्हणजे लॉनचा नाद सोडणं, लोकांना पराभव वाटतो. मला तो अनेक अंगणांत शहाणपणाचा वाटतो. लॉनला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. दोन्ही बाजूंना एकेक मजला वाढवलेली घरं आणि मध्ये आंबा असेल तर ते मिळणारच नाही. त्यासाठी झाड तोडायचा विचार असेल तर थांबा. अंगण तुमचं असलं तरी १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेची परवानगी लागते. त्यापेक्षा सावलीत हळद, अळू, गवती चहा लावा. अर्ध्या उन्हात अरॅकिस छान पसरतो: भुईमुगाचाच नातलग, पिवळी फुलं, कापणी जवळपास नाही. वेडेलिया हा पसरणारा वेल कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, तो शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बसतो. पेव्हर ब्लॉक पार्किंगपुरते ठीक. उन्हात तापतात, पावसात शेवाळतात.

पाण्याचाही विचार करा. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरलं तरी २० बाय २० च्या लॉनला १८५ लिटर लागतात. नवी मुंबई पालिकेच्या हद्दीत मोरबे धरणाचं पाणी येतं म्हणून निर्धास्त राहता येतं, पण टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत लॉनवर पाइप धरलेला शेजारी बघतोच. मी असतो तर समोर दहा बाय दहाची हरळी ठेवली असती आणि बाकी अंगण झाडांना दिलं असतं.

वेळापत्रक पर्यायाप्रमाणे बदलतं. दुरुस्ती करायची तर खुरपणी, भोकं, खताचा थर मेअखेर उरका. टक्कल पडलेल्या जागी हरळीच्या काड्या पहिल्या दोन-तीन सरींनंतर बोटभर अंतरावर टोचा. गणपतीपर्यंत बरीचशी जमीन झाकली जाते, दूर्वाही घरच्या. कार्पेटच टाकायचं ठरलं तर भर पावसात नको, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात टाका. भाव ठरवताना नुसता चौरस फुटाचा दर विचारू नका. माती, वाहतूक, अंथरणी आणि पहिल्या महिन्यात मेलेले तुकडे बदलून देणं यात धरलंय का, ते लिहून घ्या.