मसाल्याच्या दुकानात ब्लूटूथ कार्ड रीडर: आठ महिन्यांचा अनुभव

लालबागला आमचं मसाल्याचं दुकान आहे, मागे डंक, पुढे गल्ला. फेब्रुवारीत मुठीत मावेल एवढा ब्लूटूथ कार्ड रीडर घेतला. क्यूआर कोड होताच, पण वर्षाचा मसाला करायला येणाऱ्या बायका एकदम तीन-चार हजारांचं सामान नेतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना कार्डच बरं वाटतं.

पहिल्याच दिवशी जोडणीत अडलं. मी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून रीडर जोडला, तर कंपनीच्या अ‍ॅपला तो दिसेचना. तिथून काढून टाकला, अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिली आणि अ‍ॅपमधूनच जोडला, तेव्हा लागला. पुढे दोन आठवडे रोज सकाळी तो सापडायचाच नाही. दिरांच्या फोनवरही तेच अ‍ॅप होतं. ते माझ्याआधी दुकानात आले की रीडर त्यांच्या फोनला लागून बसायचा. आता गल्ल्यावरचा एकच फोन त्याच्यासाठी ठेवलाय, आणि त्यात या अ‍ॅपपुरता बॅटरी सेव्हर बंद.

एप्रिल-मे हा आमचा हंगाम, आणि नेमकं तेव्हाच चिप वाचेना. तीन-तीनदा कार्ड घालायचं, रांग खोळंबायची. रीडर बिघडला असं धरून मी तक्रारही नोंदवली. रात्री दुकान आवरताना टॉर्च मारून पाहिलं तर कार्डाच्या फटीत लालसर थर! बेडगी आणि संकेश्वरी कुटताना उडणारं तिखट आत बसलं होतं. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ लागून ते आणखी चिकटतं. रीडर बंद करायचा, फट खाली धरायची आणि कोरड्या मऊ ब्रशने हलकेच झाडायची. काम नसेल तेव्हा तो आता झाकणाच्या डब्यात असतो. गिऱ्हाइकाला मी आधी विचारते, "ताई, कार्ड टॅप होतं का?" 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि फटीशी संबंधच येत नाही.

सगळ्यात मनाला लागलं ते गणपतीत. राजाच्या रांगेमुळे इथे फोनचं नेटवर्क पार बसतं. एका काकूंचं 3,840 रुपयांचं बिल, अ‍ॅपवर चक्र फिरतंय, मी घाईने पुन्हा कार्ड घेतलं. दोनदा पैसे कापल्याचे मेसेज आले. काकूंचा चेहरा उतरला. पेन्शनचे पैसे होते. दुकानात पैसे जमा झाल्याचं कळलंच नाही, तर अशी रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे. तो त्यांना समजावला, व्यवहाराचा नंबर आणि माझा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. चौथ्या दिवशी पैसे परत आले, तोवर मला चैन नव्हतं. आता चक्र अडकलं की आधी अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी उघडते, मगच दुसऱ्यांदा कार्ड. गल्ल्यावरचा फोनही दुकानाच्या वायफायवर टाकला.

खर्चाचं म्हणाल तर रुपे डेबिटवर काही कापलं जात नाही, क्रेडिट कार्डावर कापलं जातं. महिन्याचं स्टेटमेंट मी ओळ न ओळ तपासते. पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात येतात.

रीडर मी ठेवणार आहे. कंपनीच्या मदत क्रमांकावर मात्र माणूस मिळायला फार वेळ लागतो, आणि भर हंगामात तेवढा वेळ आमच्याकडे नसतो. त्या काकू दसऱ्याआधी गोडा मसाला न्यायला आल्या होत्या. कार्डानेच पैसे दिले.